लाखोळीची डाळ आणि मेंदूचं लॉगिन: ग्लुटामेट रिसेप्टर कसे चालतात?

मी भुकूमला एका मित्राबरोबर फ्लॅट शेअर करतो. तो भंडाऱ्याचा. होळीला गावी गेला आणि येताना घरची लाखोळीची डाळ घेऊन आला. मी सर्च केलं, तर समोर आलं की ही डाळ पाय घालवते. तो म्हणाला, "अरे, आम्ही लहानपणापासून खातो!" मग खरं कोण? उत्तर मेंदूतल्या ग्लुटामेट रिसेप्टरपाशी सापडतं.

रिसेप्टर करतो काय?

एक न्यूरॉन दुसऱ्याला मेसेज देताना मधल्या बारीक फटीत रसायन सोडतो. मेंदूत 'चालू हो' सांगणारं मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट. ते ओळखणारी पुढच्या न्यूरॉनवरची प्रथिनं म्हणजे रिसेप्टर. त्यातले दोन महत्त्वाचे:

- अँपा: ग्लुटामेट चिकटलं की दार उघडतं, सोडियम आत येतं, न्यूरॉन जागा होतो. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.
- एनएमडीए: हा टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनवाला. ग्लुटामेट तर हवंच, शिवाय न्यूरॉन आधीच जागा झालेला हवा. तरच दारात अडकलेलं मॅग्नेशियम हटतं आणि कॅल्शियम आत शिरतं. शिकणं, लक्षात राहणं यासाठी हे फार महत्त्वाचं.

काम झालं की शेजारच्या पेशी ग्लुटामेट उचलून नेतात. म्हणजे लॉगआउट.

मग डाळीचं काय?

लाखोळीत ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढलं. त्याची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती, त्यामुळे अँपा रिसेप्टर फसतो आणि दार उघडतो. असं सतत होत राहिलं की न्यूरॉन अति चेतवला जातो आणि शेवटी मरतो. फटका बसतो तो पायांना हुकूम देणाऱ्या न्यूरॉनना. पाय लुळे नाही, ताठ होतात, आणि गेलेली चाल सहसा परत येत नाही. हाच लॅथिरिझम.

पण हा आजार मुख्यतः दुष्काळात दिसला, लोकांनी महिनोन्‌महिने जवळपास हीच डाळ खाल्ली तेव्हा. १९६१ मध्ये भारतात तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रतन, प्रतीक अशी कमी ओडॅपची वाणं निघाली. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकलं की ओडॅप बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही.

मित्राच्या घरी पाणी फेकतातच, आणि ताटात भात-भाजीही असते. म्हणजे सर्चही खरं, मित्रही खरा. फरक आहे तो किती आणि किती दिवस, याचा.

त्या रविवारी आम्ही वाटीभर डाळ शिजवली. पाणी मी स्वतः ओतलं. रोज मात्र तूरडाळच.