व्हिसा नको म्हणजे काहीच नको, असं नाही!

‘सर, थायलंडला व्हिसा लागत नाही म्हणे. मग बँकॉकला जाऊन दुकानासाठी माल आणू का?’ हा प्रश्न हल्ली प्रत्येक बॅचमध्ये येतोच. माझं उत्तर असतं, जरूर जा. पण आधी तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट : सवलत कायमची नसते. थायलंडने भारतीयांना नोव्हेंबर 2023 मध्ये 30 दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं आणि 15 जुलै 2024 पासून ते 60 दिवस केले. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवस दिले. आता उलट उदाहरण बघा. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली सवलत 22 नोव्हेंबर 2025 पासून थांबवली. कारण, नोकरीच्या आमिषाने नेलेल्या काही भारतीयांचं तिथे खंडणीसाठी अपहरण झालं होतं. म्हणून जुन्या व्हिडिओवर किंवा व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबून तिकीट काढू नका. त्या देशाच्या दूतावासाची वेबसाइट त्याच दिवशी उघडून बघा.

दुसरी गोष्ट : व्हिसा नसला तरी कागद लागतात. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. आत सोडायचं की नाही, हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांत पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. साईट पैसे मागत असेल तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा. हाँगकाँगला 14 दिवसांसाठी व्हिसा नको, पण आधी ऑनलाइन नोंदणी करावीच लागते. आणि तिथून पलीकडे ग्वांगझूच्या बाजारात जायचं असेल तर चीनचा वेगळा व्हिसा लागतो. हाँगकाँगची सवलत तिथे चालत नाही.

तिसरी गोष्ट, आपल्या धंद्याची : माणसाला सूट आहे, मालाला नाही. प्रातुनाममध्ये कपडे बघा, सांपेंगमध्ये इमिटेशन ज्वेलरीचे भाव काढा, सॅम्पल घ्या, व्यापाऱ्याशी बोला. पण तिथे स्टॉल लावून विकायला बसलात तर ते काम धरलं जातं आणि त्याला वेगळी परवानगी लागते. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर थायलंडमध्ये दिवसाला 500 बात दंड आहे.

परत येताना बॅगेत विक्रीचा माल भरून ‘घरच्यासाठी आहे’ असं सांगणारे असतात. ड्यूटी-फ्री सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंना आहे, दुकानाच्या मालाला नाही. कस्टम्सने माल जप्त केला तर सगळं भांडवल तिथेच अडकतं. सरळ रस्ता सोपा आहे. डीजीएफटीच्या वेबसाइटवर आयईसी काढा, फी फक्त 500 रुपये. बँकेकडून एडी कोड घ्या. मग माल बिलासह कार्गोने मागवा आणि ड्यूटी भरून सोडवा.

ड्यूटी, कार्गो आणि प्रवासखर्च धरूनही नगामागे नफा उरतो का, हा हिशोब घरी बसून करा. उरत असेल तर बिनधास्त जा. नसेल तर बँकॉक फिरायलाही छान आहे, फक्त तो खर्च दुकानाच्या खात्यात टाकू नका!