स्टॅक ट्रेस खालून वर वाचा

आज बोलू स्टॅक ट्रेसबद्दल. पायथनची स्क्रिप्ट फुटली की स्क्रीनभर ओळी येतात आणि आपण घाबरून वरून वाचायला लागतो. पण पायथनमध्ये शेवटचा कॉल सगळ्यात खाली असतो. म्हणून आधी तळाची ओळ बघा. काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं. मग एकेक पायरी वर चढा आणि आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव दिसलं की थांबा. बहुतेक वेळा चूक लायब्ररीत नसते, आपण तिला काय दिलं त्यात असते. जावास्क्रिप्टमध्ये उलटं: मेसेज वर आणि ताजा कॉल त्याच्या लगेच खाली.

मी एकदा ट्राय-एक्सेप्ट लावून फक्त 'काहीतरी चुकलं' एवढंच प्रिंट केलं होतं. पगाराच्या आदल्या रात्री स्क्रिप्ट बंद पडली आणि ओळ क्रमांकच नाही! दोन तास गेले. निघालं काय, तर एक रिकामा रकाना. तेव्हापासून एक्सेप्टमध्ये मी लॉगिंग मॉड्यूलचं एक्सेप्शन हे फंक्शन वापरतो. मेसेजबरोबर अख्खा ट्रेस लॉगमध्ये उतरतो.

आणि हो, ट्रेस सांगतो कुठे फुटलं. चुकीची व्हॅल्यू आली कुठून, ते मात्र आपल्यालाच मागे जाऊन शोधावं लागतं.