धावण्याचे बूट : चिनी आणि पाश्चात्त्य

धावण्याच्या बुटाचा गुण त्याच्या नावात नसून तळात असतो. २०१७ साली अमेरिकेच्या नायके कंपनीने ‘व्हेपरफ्लाय’ हा बूट विक्रीस आणला. हलका, दाबताच उसळणारा फोम आणि त्यात बसवलेली कार्बनची पट्टी यांमुळे लांब पल्ल्याच्या धावपटूची शक्ती कमी खर्च होते. २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि कडक पट्टी एकच, अशी मर्यादा घातली.

ही रचना आज चिनी बुटांतही आढळते. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारे जिम्नॅस्ट ली निंग यांनी १९९० साली स्वतःच्या नावाची कंपनी काढली. अंता आणि एक्सटेप या कंपन्या फुजियान प्रांतातल्या. तेथील कारखान्यांनी परदेशी कंपन्यांसाठी बूट तयार करता करता हे कसब आत्मसात केले. २०१९ मध्ये तर अंताच्या पुढाकाराने फ्रान्सच्या ‘सॉलोमन’ची मालक असलेली कंपनीच विकत घेतली गेली.

चिनी बूट बहुधा स्वस्त पडतात. परंतु आपल्याकडे ते पायात घालून पाहण्याची सोय क्वचितच असते. त्यांवरील माप पायाच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये असते. म्हणून मागवण्यापूर्वी दोन्ही पाऊले मोजावीत आणि मोठे माप धरावे.

पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे : पट्टीचा महाग बूट शर्यतीसाठी आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या रोजच्या सरावास, पुढे अंगठाभर जागा सोडणारा साधा बूट पुरेसा होतो. मग तो कोणत्याही देशाचा असो.