थाई रेशमाचा बदलता पन्हा

थायलंडच्या ईशान्येकडे, इसान भागात, माग लागायचा तो मुळात घरातल्या बाईच्या फासिनसाठी. कमरेभोवती गुंडाळायचे हे वस्त्र. तिथला इकत म्हणजे मतमी. त्यात बाण्याचे सूत विणण्याआधीच गाठी मारून रंगवतात आणि गाठींचा हिशेब पन्ह्यावर बसवलेला असतो. पन्हा बदलला की सगळ्या गाठी नव्याने. अशा कापडातून कोट, पडदे, पिशव्या काढायच्या, ही गेल्या पाऊणशे वर्षांची झटापट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बँकॉकमध्ये राहिलेल्या जिम थॉम्सन या अमेरिकनाने सोपी वाट धरली. सेन सेप कालव्याकाठच्या बान क्रुआ वस्तीतल्या चाम मुस्लिम विणकरांकडून त्याने झळाळत्या, पक्क्या रंगांचे रेशीम वारावर विकता येईल असे विणून घेतले. १९५१ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘द किंग अँड आय’च्या पोशाखांनी या रेशमाचे नाव केले. १९६७मध्ये थॉम्सन मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये बेपत्ता झाला. धंदा चालूच राहिला.

गावातल्या नक्षीला मान मिळवून दिला तो राणी सिरिकित यांनी. १९६०च्या परदेश दौऱ्यात त्यांनी थाई रेशीम पॅरिसच्या पिएर बाल्मँच्या हाती सोपवले होते. पुढे १९७०मध्ये नाखोन फानोमच्या पूरग्रस्तांना भेटताना त्यांची नजर साध्या बायकांच्या मतमीवर गेली. १९७६मध्ये ‘सपोर्ट’ ही संस्था उभी राहिली आणि शेतीच्या जोडीला मागाचे पैसे घरात येऊ लागले. कलासिनच्या फू थाई बायकांच्या खांद्यावरचे फ्रेवा हे नक्षीदार वस्त्र तर चक्क दरबारी पोशाखाचे कापड झाले.

२००१नंतरची सरकारी ‘ओटॉप’ मोहीम, गावागणिक एक उत्पादन, खेड्यांना बाजारपेठ देऊन गेली. पण चेनच्या पाकिटांची आणि उशांच्या अभ्र्यांची रासही तिनेच लावली. गाठींत गेलेले दिवस त्या पाकिटाच्या किमतीत कसे बसणार?

अलीकडे राजकन्या सिरिवन्नवरी यांनी २०२०मध्ये ‘एस’ अक्षराचा एक नमुना विणकरांना वापरायला दिला. मतमी असो वा चोक ही जादा बाण्याची नक्षी, ज्याने त्याने आपल्या तंत्राने तो विणावा. डिझायनरने आकृती द्यायची आणि तंत्र विणकराने ठरवायचे, ही उलटी वाट मला जास्त पटते. गावोगाव तोच एक ‘एस’ दिसावा, हे मात्र नाही.