रेघेवरचा उलटा बाण

एखाद्या पुस्तकात आपण अशी आकृती पाहिली असेल: दोनचार सरळ रेघा, त्यांना चिकटलेल्या नागमोडी रेघा, आणि सरळ रेघांवर बाण. रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४९ साली या आकृत्या प्रसिद्ध केल्या. गुरुजी फळ्यावर ती काढतात, काळ डावीकडून उजवीकडे जातो म्हणून सांगतात, आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मग गुरुजी, हा बाण उलटा कसा? हा कण कालच्या दिवसाकडे निघाला की काय?”

प्रश्न बरोबर आहे, बरे का. पोराला गप्प बसवू नका.

इलेक्ट्रॉनला एक जोडीदार आहे, पॉझिट्रॉन. वजन तितकेच, विद्युत्‌भार मात्र उलट. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली, आणि १९३२ साली अँडरसन यांना तो विश्वकिरणांत सापडला. हे दोघे भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि बहुधा प्रकाशाचे दोन कण, म्हणजे फोटॉन, बाहेर पडतात. आकृतीत दोघेही डावीकडूनच आत येतात. पण इलेक्ट्रॉनचा बाण आत, आणि पॉझिट्रॉनचा बाहेर!

येथे वाण्याची खतावणी आठवा. घरातून शंभर रुपये गेले काय, किंवा घरावर शंभराचे कर्ज आले काय, शिल्लक शंभरानेच घटते. बाण कणाची वाट दाखवीत नाही, हिशेब दाखवतो. इलेक्ट्रॉन म्हणजे अधिक एक, पॉझिट्रॉन म्हणजे उणे एक. उणे एक आत येणे म्हणजेच अधिक एक बाहेर जाणे. म्हणून बाण बाहेर. इलेक्ट्रॉनच्या रेघेवर बोट ठेवा आणि बाणामागून चला: दोन्ही सांधे ओलांडून बोट पॉझिट्रॉनच्या रेघेने पुन्हा डाव्या कडेला येते. रेघ कोठेच तुटत नाही. प्रत्येक सांध्यावर एक बाण आत, एक बाहेर. दोन बाण समोरासमोर भिडले, तर आकृती चुकली म्हणून समजा.

नागमोडी रेघेवर बाण नसतो. फोटॉनला वेगळा उलटा जोडीदार नाही. मग खाते कोणाचे ठेवायचे?

न्यूट्रॉन फुटतो तेव्हा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो निघतात. प्रतिन्यूट्रिनो उजवीकडे जातो, बाण मात्र सांध्याकडे येतो. इलेक्ट्रॉनचा अधिक एक, याचा उणे एक. आधी शून्य होते, नंतरही शून्यच.

पॉझिट्रॉन म्हणजे काळात मागे जाणारा इलेक्ट्रॉन, ही भाषा १९४१ साली श्ट्यूकेलबर्ग यांनी आणि पुढे फाइनमन यांनी वापरली. गणिताला ती सोयीची आहे. वर्गात मात्र ती जपून वापरावी, नाहीतर मुले उद्याहून आलेल्या कणाच्या गोष्टी घरी सांगतील.

आणखी एक. काही पुस्तकांत काळ खालून वर जातो, फाइनमन यांच्या मूळ आकृत्यांतही तसेच आहे. तेव्हा आधी ते पाहावे. आणि रेघेच्या शेजारी दुसरा लहान बाण दिसला तर तो संवेगाचा. रेघेवरच्या बाणाशी त्याची दिशा जुळलीच पाहिजे असे नाही.