एका कथेला एकच खोटं

आमच्या संपादकांना एप्रिलमध्येच दिवाळी दिसू लागते. यंदा अंकाची आखणी करताना ते म्हणाले, "विज्ञानकथा आपण दरवर्षी छापतो. पण हे लोक दिवसभर करतात तरी काय, ते एकदा बघून या." म्हणून मी डोंबिवलीला गेलो. ज्या लेखिकेकडे गेलो त्यांनी चहा ठेवायच्या आधीच अट घातली, नाव छापायचं नाही. त्या अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतात आणि गेली कित्येक वर्षं दिवाळी अंकांत विज्ञानकथा नि अद्भुतकथा लिहितात. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही. "एखादा रिपोर्ट चुकला, की साहेब म्हणतील, मॅडम मंगळावर गेल्या होत्या," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात विज्ञानकथाकाराचं जे चित्र होतं, त्यात निदान एक दुर्बीण होती. इथे स्वयंपाकघराला लागून एक घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि शेजारी लाल कापडी बांधणीची एक वही, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी असते तशी. सकाळी साडेचार ते सहा लिखाण, मग डबे, मग गाडी. डोंबिवलीहून अंबरनाथ म्हणजे गर्दीच्या उलट दिशेचा प्रवास, त्यामुळे बसायला मिळतं. गाडीत त्या लिहीत नाहीत, कालचं लिहिलेलं छाटतात.

परंपरा तशी जुनी आहे. ज्यूल व्हर्नची 'चंद्रलोकची सफर' १९०० साली 'केरळ कोकिळ'मधून मराठीत आली. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' १९१५ची. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, पुढे तिची विज्ञान रंजन कथास्पर्धा सुरू झाली. त्या स्पर्धेला १९७४ साली कुणा 'नारायण विनायक जगताप' यांची 'कृष्णविवर' नावाची कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे. गूढ-अद्भुताच्या बाजूला नारायण धारप. ही यादी कुठल्याही परिसंवादात ऐकायला मिळते, मी ती पुढे वाढवत नाही. आमच्या लेखिकेने पहिली कथा लिहिली तीही त्याच स्पर्धेसाठी, एवढं सांगून मी त्या लाल वहीकडे वळतो, कारण तिने मला अडकवून ठेवलं.

वहीत प्रत्येक कथेचं खातं आहे. पहिल्या ओळीत लाल शाईने एकच वाक्य. त्याला त्या 'खोटं' म्हणतात. कथेत जे आज शक्य नाही ते एवढंच, आणि एकदाच. खाली निळ्या शाईने त्या खोट्यातून काय काय निघतं त्याच्या नोंदी, पानंच्या पानं. "पहिलं खोटं वाचक आनंदाने गिळतो," त्या म्हणाल्या. "दुसरं सांगितलंत की पुस्तक मिटतो."

मी म्हटलं, विज्ञानकथेत ठीक आहे, पण जादूच्या कथेत काय, काहीही चालतं. यावर त्यांनी जुनं एक खातं काढून माझ्यापुढे ठेवलं. लाल ओळ होती : कोकणातली एक विहीर, पाणी काढणाऱ्याची एक आठवण ठेवून घेते. खाली निळ्यात प्रश्न. आठवण घागरीला एक की तांब्याला? पंप लावला तर कुणाची जाते, बटण दाबणाऱ्याची की बिल भरणाऱ्याची? गावात लग्न निघालं तर पाणी कोण भरणार? म्हाताऱ्या माणसांना पुढे करतील का, की त्यांच्याकडे आठवणी जास्त म्हणून त्यांनाच जपतील? मी हसलो, पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की कथेतला सगळा ताण या घागर-तांब्याच्या हिशेबातून आला होता. जादूला नियम नसता तर त्या गावात भांडायलाही कारण उरलं नसतं.

सध्या वहीत मंगळ चालू आहे. लाल ओळ : मंगळावर माणसांची वस्ती आहे. बाकी सगळं आजच्या विज्ञानाचं. मुलगी तिथे कामाला, आई मिरजेत. आईला रोज फोन करायचा आहे, आणि इथेच घोडं अडलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, आणि रेडिओसंदेशही त्याहून वेगाने जात नाही. मंगळ अगदी जवळ असतो तेव्हा संदेशाला तीन मिनिटं लागतात, लांब असतो तेव्हा बावीस. कथेच्या दिवशी त्यांनी अंतर धरलंय पंचवीस कोटी किलोमीटर, म्हणजे जायला चौदा मिनिटं आणि यायला चौदा. आई-लेकीचा संवाद लिहायचा तर तो होतच नाही.

तो प्रसंग त्यांनी माझ्यासमोर करून पाहिला. ओट्यावरच्या कुकरशेजारी एक टायमर असतो, तो अठ्ठावीस मिनिटांवर लावला. मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "जेवलीस का गं?" आणि मेथीची जुडी निवडायला बसल्या. पानं खुडून झाली, देठ वेगळे झाले, मधे दूधवाला येऊन गेला, त्याच्याशी सुट्या पैशांवरून बोलणं झालं. टायमर वाजला तेव्हा लेकीचं उत्तर 'आलं'. तोवर आई प्रश्न विसरलेली. वहीत नोंद झाली : आई विचारलेलं विसरते, म्हणून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवू लागते. मग दुसरी : काही दिवसांनी आई न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधीच पाठवू लागते. "कथा त्या अठ्ठावीस मिनिटांतच आहे," त्या म्हणाल्या. मला ते पटलं, कारण तेवढा वेळ मीही तिथे बसून होतो आणि मला एकदाही कंटाळा आला नव्हता.

आणखी एक कुलंगडं आहेच. मंगळाचा दिवस चोवीस तास एकोणचाळीस मिनिटं पस्तीस सेकंदांचा. लेकीची सकाळ रोज जवळपास चाळीस मिनिटांनी पुढे सरकते आणि छत्तीस-सदतीस दिवसांनी पुन्हा आईच्या सकाळीशी जुळते. शिवाय दर सव्वीस महिन्यांनी सूर्य मधे येतो. तेव्हा नासाही मंगळावरच्या यानांना साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवत नाही. म्हणजे दोन आठवडे फोन नाही. कथेचा शेवट तिथे असावा असं वाटतं, पण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता अडचणी. त्या मागितल्या नव्हत्या, पण चहाच्या दुसऱ्या फेरीत निघाल्याच.

पहिली वेळेची. कथा जून-जुलैत द्यायची, वाचक वाचणार ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि मधल्या काळात विज्ञान थांबत नाही. २०२३च्या जूनमध्ये त्यांनी दिलेल्या कथेत भारताचं यान चंद्रावर उतरताना पुन्हा कोसळतं असं होतं. २३ ऑगस्टला चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरलं. सोसायटीत फटाके वाजत होते आणि संपादकांचा फोन आला, पानं लागलीत, सकाळपर्यंत काय ते करा. रात्रभर बसून त्यांनी यान उतरवलं. "देशातली मी एकटीच असेन, त्या रात्री आनंदाने रडू की नुसतीच रडू कळत नव्हतं."

दुसरी पैशाची. अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संघटनेने २०१९पासून व्यावसायिक मासिकांसाठी शब्दाला किमान आठ सेंट हा दर ठरवलाय. साडेतीन हजार शब्दांच्या कथेचे २८० डॉलर. मराठीत असा दरच नाही. जाहिराती किती मिळाल्या त्यावर अंक निघतो आणि मानधन त्या अंकावर अवलंबून. काही संपादक वेळेवर पाठवतात, काही फक्त अंकाची प्रत पाठवतात. संपादकांनाही दोष देववत नाही, कागदाचे भाव त्यांनाच भरायचे असतात. पण वहीतल्या निळ्या पानांचा, टायमर लावून निवडलेल्या मेथीचा मोबदला कुठल्याच हिशेबात येत नाही, ही गोष्ट मला लागली.

तिसरी अडचण नवी आहे. २०२३च्या फेब्रुवारीत 'क्लार्क्सवर्ल्ड' या अमेरिकी मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं. मराठी संपादकही आता ईमेल उघडताना साशंक असतात. एका संपादकाने लेखिकेला विचारलं, ही तुम्हीच लिहिलीत ना? त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. विज्ञानकथा लिहिणाऱ्या बाईवर यंत्रावरून संशय घेतला जावा, यात गंमत आहे असं म्हणायला मी गेलो, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसलो.

आणि शेवटची, त्यांच्या मते सगळ्यांत मोठी. कोण वाचतं ते कळत नाही. एकेक अंक वाचनालयातून कितीतरी घरं फिरतो, पण लेखकापर्यंत काही पोचत नाही. मागे एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला होता. त्यांनी विहिरीच्या कथेतली एक चूक काढली : उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, तेव्हा कुणाच्या आठवणी परत मिळतात का? त्या फोनवर ही बाई पुढचं वर्षभर खूश होती. वहीत त्या खात्याखाली वेगळ्या शाईने तो प्रश्न लिहिलेला मी पाहिला.

दिवाळी अंकात बहुतेक कथांच्या शेवटी लेखकाचा फोन नंबर छापलेला असतो. यंदा विज्ञानकथा वाचून झाली, की तो लावा. आवडली नसेल तरीही लावा, आणि दुसरं खोटं कुठे सापडलं असेल तर जरूर लावा.