७५ वॅटच्या आतला खेळ

संगणकाच्या मदरबोर्डवर ज्या लांबट खाचेत ग्राफिक्स कार्ड बसतं, ती खाच त्या कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. कार्डाला याहून जास्त लागत असेल, तर संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. खिशात पंधरा-वीस हजार रुपये घेऊन गेमिंगसाठी कार्ड घ्यायला निघालेल्याने सगळ्यात आधी हा आकडा समजून घ्यावा. कोणत्या कंपनीचं कार्ड, किती जीबीचं, कुठे स्वस्त, हे प्रश्न त्यानंतरचे.

राजूरसारख्या गावातून पाहिलं की हे जास्त पटतं. अकोले येथून भंडारदऱ्याकडे जाताना लागणारं हे बाजाराचं गाव. इथे मोबाइलचा चार्जर मिळेल, प्रिंटरची शाई मिळेल. पण चार कार्डं समोर मांडून तुलना करता येईल असं दुकान शोधायला संगमनेर गाठावं लागतं, नाहीतर घोटीमार्गे नाशिक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला राहणारा मुलगा न चाललेलं कार्ड संध्याकाळी परत नेऊन देऊ शकतो. राजूरच्या मुलाचा त्या परतफेरीत दिवस जातो, शिवाय एसटीचं भाडं. म्हणून त्याचा निर्णय घरीच, टेबलाशी बसून व्हायला हवा. आणि तो होऊ शकतो, कारण लागणारी बहुतेक माहिती त्याच्याच संगणकात असते.

आधी हे कार्ड करतं काय, ते पाहू. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसण्यासाठी सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवायचे. एका चित्रासाठी वेळ मिळतो तो सोळा-सतरा मिलिसेकंदांचा. त्यात खेळातल्या प्रत्येक भिंतीचे, झाडाचे, माणसाचे त्रिकोण पडद्यावर कुठे पडतात ते काढायचं, कोण कोणाच्या मागे लपलं ते पाहायचं, उजेड कुठून येतो ते मोजायचं आणि मग रंग भरायचा.

या कामाची एक खासियत आहे. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याचा रंग काढायला उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याची वाट पाहावी लागत नाही. सगळी गणितं सुटी, एकमेकांपासून मोकळी. प्रोसेसरमध्ये चार, सहा किंवा आठ हुशार कोअर असतात. त्यांना क्रमाने येणारी गुंतागुंतीची कामं जमतात. ग्राफिक्स चिपमध्ये साधी गणितं करणारे शेकडो-हजारो छोटे कोअर एकाच वेळी राबतात. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६५० मध्ये असे ८९६ कोअर आहेत, आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्या कार्डात २,३०४. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी हा महासंगणकही एनव्हिडियाच्या ग्राफिक्स प्रोसेसरांवरच चालतो. खेळाचे ठिपके रंगवायला जी रचना निघाली, तीच पुढे हवामानाच्या आणि औषधांच्या गणितांना उपयोगी पडली. घरच्या टेबलावरच्या त्या कार्डाकडे पाहताना मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता फसगतीची पहिली जागा. दुकानात पहिला प्रश्न ऐकू येतो, ‘किती जीबीचं?’ आणि उत्तरात पुष्कळदा ४ जीबीचं जीटी ७३० पुढे येतं. हे नाव २०१४ सालचं. जीबी म्हणजे कार्डावरच्या मेमरीची साठवण. पण खेळाला साठवणीइतकीच गरज असते ती त्या मेमरीतून चिपकडे माहिती किती वेगाने वाहते याची. भंडारदरा धरण अकरा टीएमसीचं आहे; पण खालच्या शेतकऱ्याच्या वाट्याला किती पाणी येईल, ते त्याच्या बांधापर्यंत आलेल्या चारीच्या रुंदीवर ठरतं. कार्डाची चारी म्हणजे मेमरी बस. तिची रुंदी आणि मेमरीचा प्रकार मिळून वेग ठरतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण जीटी १०३० चं. त्याच नावाची, दोन्ही २ जीबीचीच, अशी दोन कार्डं बाजारात आली. जीडीडीआर-५ मेमरी असलेल्या कार्डाचा वेग सेकंदाला ४८ जीबी आणि २०१८ मध्ये आलेल्या डीडीआर-४ वाल्याचा १७ च्याही आत. नाव एक, डब्यावरचा जीबीचा आकडा एक आणि वेग जवळजवळ एक तृतीयांश.

आरटीएक्स ३०५० बाबतही हीच गत आहे. २०२२ चं ८ जीबीचं कार्ड १३० वॅट घेतं आणि सेकंदाला २२४ जीबी वाहून आणतं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच नावाने आलेलं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटवर चालतं. त्याचा वेग १६८. म्हणून दुकानदाराला नाव सांगून थांबू नये. मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि वॅट हे तिन्ही विचारावं.

मेमरी अपुरी पडली तर काय होतं? खेळातली चित्रं मग संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवली जातात आणि लागतील तशी खाचेतून कार्डात आणावी लागतात. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची पूर्ण, सोळा पदरी खाच सेकंदाला सोळा जीबीच्या आसपास वाहते. आरटीएक्स ३०५० वरच्या मेमरीच्या मानाने हा वेग एक दशांशही नाही. मग पात्र धावता धावता अडखळतं, पडदा क्षणभर थिजतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ चं कार्ड जुन्या संगणकांत इथेच मार खातं. त्यावर मेमरी चारच जीबी आणि खाचेचे सोळापैकी चारच पदर ते वापरतं. पीसीआय एक्सप्रेसच्या नव्या, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर निभावतं. जुन्या बोर्डावर तो रस्ता सेकंदाला चार जीबीवर येतो. स्वस्त दिसलं तरी चौथ्या ते दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवाल्यांनी ते घेऊ नये.

गावाकडे गेमिंगचा संगणक पुष्कळदा कुठल्या तरी कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला असतो. मुंबई-पुण्यातल्या कंपन्या यंत्रं बदलतात, जुनी डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी प्रोडेस्क पुसून-तपासून विकली जातात आणि दहा-बारा हजारांत घरात येतात. यंत्रं मजबूत असतात. पण त्यांचा एसएमपीएस साधारण १८० ते २९० वॅटचा असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठीची वेगळी वायर त्यात नसते. अनेक मॉडेलांत मदरबोर्डचा वीजजोड कंपनीचा खास असतो, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस सरळ बसत नाही. बारीक कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं कार्डही मावत नाही. सुरुवातीचा ७५ वॅटचा आकडा इथे कळीचा ठरतो. अशा यंत्रात वेगळ्या वायरशिवाय चालणारं आणि बुटक्या पट्टीसह मिळणारं कार्डच घ्यावं. जुन्यात जीटीएक्स १६५०, नव्यात आरटीएक्स ३०५० ६ जीबी. दोन्हींची काही मॉडेलं वायरीचा जोड लावूनही येतात, तेव्हा नेमकं मॉडेल पाहून घ्यावं. कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं लेबल, खाचेभोवतीची जागा आणि आतल्या वायरी यांचे फोटो मोबाइलमध्ये घेतले, तर संगमनेरच्या दुकानदाराशी बोलणं निम्म्या वेळात होतं.

पण कार्डच हवं आहे का, हे आधी तपासायला हवं. ही चाचणी फुकट आहे. सध्या जे काही कार्ड किंवा प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स असेल, त्यावर खेळ सुरू करा आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पडतात ते पाहा. मग खेळाचं रिझोल्यूशन एकदम कमी करा. फ्रेम भराभर वाढल्या, तर ग्राफिक्सचा भार जास्त होता. कार्डाने फरक पडेल. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत, तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे आणि वीस हजारांचं कार्डही तो दूर करणार नाही. व्हॅलोरंटसारखा खेळ मुळात हलक्या ग्राफिक्ससाठी बांधलेला आहे. इंटेलच्या जुन्या अंगभूत एचडी ४००० वरही तो किमान पातळीवर चालावा अशी त्याची अपेक्षा. तिथे बहुधा प्रोसेसरच ताणला जातो. संगणकात ८ जीबी रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावून मेमरीचे दोन्ही मार्ग चालू करणं हा कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर त्याचा फरक लगेच दिसतो. मात्र २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केल्याने रॅमही महागली आहे, कार्डंही. या काळात अंदाजाने खरेदी करणं परवडत नाही.

ज्यांच्याकडे सुटे भाग जोडून बनवलेला संगणक आणि चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस आहे, त्यांच्यासाठी माझी निवड आरएक्स ६६०० आहे. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, ८ जीबी, १३२ वॅट, आठ पिनांची एक वायर. फुल एचडीसाठी ते आजही पुरतं. त्यात किरणांचा मार्ग काढण्याची, म्हणजे रे ट्रेसिंगची सोय चिपमध्येच आहे. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्सचा खेळ आणि मे २०२५ चा डूम ही सोय नसलेल्या कार्डांसाठी बनवलेलेच नाहीत. जीटीएक्स १६५० आणि आरएक्स ५८० तिथे बाद होतात. दोन्ही खेळांच्या किमान यादीत आरएक्स ६६०० चं नाव आहे. दिवसाला तीन तास खेळलं, तर पूर्ण भारावर हे कार्ड महिन्याला बारा युनिटच्या आसपास वीज घेतं, तेही घरात सांगून ठेवावं.

इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ चं १२ जीबीचं कार्ड कागदावर फार मोहात पाडतं. पण त्याला मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार नावाची सोय चालू लागते, जी इंटेलच्या दहाव्या पिढीपासून भरवशाने मिळते. शिवाय प्रोसेसर जुना असेल तर त्याचा वेग बराच घसरतो. नवा संगणक बांधणाऱ्याने त्याचा विचार करावा, जुना वाढवणाऱ्याने नको.

सेकंड हँड कार्डांचा बाजार मोठा आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग त्या दिवशी संपलं. महिनोन्‌महिने अहोरात्र राबलेली कार्डं जगभर विक्रीला आली. त्यांना सरसकट टाकाऊ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सतत एकाच तापमानावर चाललेल्या चिपला फारसं होत नाही. झिजतात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट, तापते ती मेमरी. तेव्हा पंखा हाताने फिरवून पाहा, आवाज ऐका. विक्रेत्याच्या संगणकावर पंधरा-वीस मिनिटं जड भार टाकून पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे येतात का ते पाहा. जीपीयू-झेड हा छोटा, मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्ये न्या. जुन्या कार्डाचं फर्मवेअर बदलून ते नव्या नावाने विकलेलं असलं, तर तो बहुधा ओळखतो. आरएक्स ५८० घेताना कोअर २,३०४ आहेत की २,०४८ हे त्यातच दिसतं. दोन्ही त्याच नावाने विकली गेली. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० आता घेऊ नयेत. ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर थांबवले. २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील.

कार्ड घेताना भारी खेळांचाच विचार मनात असतो. पण २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने काढलेला राजी हा खेळ पाहा. आपल्या पुराणकथांवर बेतलेला, देखणा आणि महागडं कार्ड न मागणारा. ७५ वॅटच्या आत खेळण्यासारखं खूप काही आहे. जोर कमी पडला तर एएमडीचं एफएसआर आहे: कमी ठिपक्यांत चित्र काढून ते पडद्याच्या मापाला वाढवणारी ही युक्ती २०२१ मध्ये आली आणि दुसऱ्या कंपन्यांच्या, जुन्या कार्डांवरही चालते.

राजूरच्या पावसाचं मात्र वेगळं पाहावं लागतं. जून ते सप्टेंबर घाटघर-रतनवाडीकडून येणारा दमटपणा घरात मुरतो. आठवडाभर बंद ठेवलेल्या संगणकात ओल आणि धूळ मिळून थर बसतो. पावसाळ्यात संगणक रोज अर्धा तास तरी चालू ठेवावा, कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये, जमिनीवर ठेवू नये. वादळी पावसात लाइट जाऊन-येऊन व्होल्टेज उसळतं. त्या वेळी प्लग काढून ठेवणं सर्वांत भरवशाचं. यूपीएस घ्यायचा तर कार्डाचे वॅट धरून घ्यावा, कारण जुना ६०० व्हीएचा यूपीएस खेळाच्या ऐन भरात नव्या कार्डाचा भार पेलेलच असं नाही.

ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि बिलावर कार्डाचा सिरियल नंबर आहे का ते पाहावं. वॉरंटीसाठी कार्ड कुठे पाठवावं लागेल, नाशिकला, पुण्याला की थेट मुंबईला, हे पैसे देण्याआधी विचारावं. दोन कार्डांच्या किमतीत हजाराचा फरक असेल आणि महागाचं सेवा केंद्र नाशिकला असेल, तर राजूरच्या माणसाने तो हजार बिनदिक्कत द्यावा.